काम करताना धडधाकट, बसल्या बसल्या बंद: एका ओव्हरक्लॉकचं प्रकरण

पार्श्वभूमी

आशिष (नाव बदललं आहे) नागपुरात लग्नाचे व्हिडिओ करतो. घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे, एडिटिंग तिथेच चालतं. २०२२ च्या सुरुवातीला त्यानं स्वतः मशीन जुळवलं. रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, ३६०० वेगाच्या १६ जीबी रॅमच्या दोन स्टिक, ७५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि प्रोसेसरवर दोन पंख्यांचा उभा एअर कूलर. बरेचसे भाग त्यानं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुरिअरनं मागवले. ग्राफिक्स कार्ड मात्र जुनंच ठेवलं, कारण त्या दिवसांत कार्डाचा भाव ऐकला की माणूस मुकाट्यानं फोन ठेवून देत असे. पहिलं दीड वर्ष मशीननं एकदाही त्रास दिला नाही.

२०२३ साली अधिक श्रावण आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. आषाढी २९ जूनला, कार्तिकी थेट २३ नोव्हेंबरला. लग्नाच्या धंद्यातल्या माणसाला एवढी सक्तीची सुट्टी मिळाली की तो काहीतरी उघडून बसणारच. आशिषनं ऑगस्टमध्ये मशीनचं बायोस, म्हणजे मदरबोर्डची मूळ सेटिंग जिथे बदलतात ते पान, उघडलं आणि प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला: कारखान्यानं ठरवलेल्याहून जास्त वेगानं धावायला लावला.

त्यानं केलेले बदल तीन होते. पीबीओ, म्हणजे प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, चालू करून वीज आणि करंटच्या मर्यादा मदरबोर्डवर सोडल्या. या प्रोसेसरची मूळ मर्यादा १४२ वॅट आहे. बूस्टची, म्हणजे प्रोसेसर गरजेपुरता आपोआप गाठतो त्या वरच्या वेगाची, कमाल २०० मेगाहर्ट्झनं वाढवली, त्यामुळे ४८५० ची मजल ५०५० पर्यंत गेली. आणि कर्व्ह ऑप्टिमायझर या व्होल्टेज कमी-जास्त करायच्या सेटिंगमध्ये आठही कोअरना (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या आठ स्वतंत्र भागांना) सरसकट उणे ३० दिलं. एका व्हिडिओत तसं सांगितलं होतं, एवढंच त्यामागचं कारण.

सिनेबेंच आर२३ या वेग मोजणाऱ्या चाचणीचा आकडा १४,९०० वरून १५,९०० वर गेला. दहा मिनिटांची चाचणी पार पडली, प्रोसेसरवर जड गणितांचा भार टाकणारं प्राइम९५ तासभर चाललं, एक जुना प्रोजेक्ट रात्रभर रेंडर झाला, म्हणजे त्याची अंतिम व्हिडिओ फाइल तयार झाली. वेग आणि तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये एका कोअरसमोर ५०५० हा आकडा दिसला, त्याचा फोटो मलाही आला होता. मी अंगठा पाठवला. हे मुद्दाम लिहितोय, कारण त्या वेळी मी एक प्रश्न विचारला असता तर पुढचं बरंच टळलं असतं.

अडचण

२६ नोव्हेंबरच्या सकाळी मशीन पहिल्यांदा आपोआप रीस्टार्ट झालं. निळा पडदा नाही, एररचा संदेश नाही. चित्र गेलं आणि सेकंदभरात मदरबोर्डचा लोगो दिसला. पुढच्या बारा दिवसांत असं अकरा वेळा झालं.

माझ्याकडे आला तेव्हा त्यानं केलेलं वर्णन हाच पुढे सगळ्यात मोठा धागा ठरला. "दादा, रेंडर लावला तर रात्रभर चालते. मी नुसता व्हॉट्सअॅप उघडून बसलो की बंद होऊन राहिली. काम करताना काहीच नाही, बसल्या बसल्या मरते."

ओव्हरक्लॉक कच्चा असेल तर मशीन जोराच्या कामात पडतं, अशी आपली सर्वांची समजूत असते. पंधरा वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरांना ती बऱ्यापैकी लागू होती. त्यामुळे रात्रभर रेंडर चालतो म्हणजे ओव्हरक्लॉक पक्का, असं आशिषनं धरलं आणि दोष बाहेर शोधायला सुरुवात केली.

माझ्याकडे येण्यापूर्वी काय काय झालं

संशय आधी विजेवर गेला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. काही पॉवर सप्लायचं साध्या यूपीएसच्या चौकोनी लहरीशी जमत नाही. लाइट गेल्यावर यूपीएस बॅटरीवर जाते त्या क्षणी मशीन बंद पडतं. त्यानं यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

मग तापमान. प्रोसेसरवरचा कूलर काढून उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली, धूळ साफ केली. इथे एक गंमत सांगायला हवी. विदर्भात 'कूलर' म्हटलं की खसच्या ताट्यांचा डेझर्ट कूलर डोळ्यासमोर येतो. आशिषच्या वडिलांनी "थंडीत कूलर काढून ठेवला हे बरंच केलं" म्हणून शाबासकी दिली, तेव्हा प्रोसेसर उघडा पडलेला होता. पेस्टमुळे तापमान तीनेक अंशांनी उतरलं. रीस्टार्ट थांबले नाहीत.

तिसरा निर्णय सर्वांत महागात पडला. त्यानं सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज नव्यानं टाकलं. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस त्याच ड्राइव्हवर होता, त्यामुळे दोन लग्नांच्या टाइमलाइन गेल्या. मूळ फुटेज वेगळ्या डिस्कवर होतं म्हणून वाचलं. पण पुढच्या तपासाच्या दृष्टीनं आणखी एक गोष्ट गेली होती, तिच्याकडे येतो.

चौथा उपाय नेटवर सापडलेला: बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' ही सेटिंग 'टिपिकल करंट आयडल' वर ठेवायची. असं केल्यानं मोकळं बसलेलं मशीन फार खोल झोपेत जात नाही. हा बदल केला आणि तीन दिवस मशीन एकदाही पडलं नाही. आशिषनं पेढे आणायचंच बाकी ठेवलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी दोनदा पडलं.

ते तीन दिवस मला फार बोलके वाटतात. आम्ही नंतर कामाची वही काढून पाहिली. त्या तीन दिवसांत तीन लग्नांची डिलिव्हरी होती आणि मशीन जवळपास अखंड एक्सपोर्टवर होतं. सेटिंगमुळे ते टिकलं असं मानायला काहीच आधार नाही. त्याला मोकळं बसायला वेळच मिळाला नव्हता.

पहिला निर्णय: उघडण्याआधी विचारणं

मशीन समोर आल्यावर हात शिवशिवतात. मी ते न उघडता आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, पाहिलं. सिस्टिम लॉगमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद होती. ती फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. लाइट गेली तरी ती येते, कोणी रीसेटचं बटण दाबलं तरी येते. पुष्कळ लोक तिच्यावरून पॉवर सप्लाय बदलतात, निव्वळ नावात 'पॉवर' आहे म्हणून.

तिच्या शेजारी मात्र 'व्हीया-लॉगर' ची, म्हणजे विंडोजमध्ये हार्डवेअरच्या चुका नोंदवणाऱ्या भागाची, १८ क्रमांकाची नोंद होती: घातक हार्डवेअर एरर, प्रोसेसर कोअरनं कळवलेली, प्रकार 'कॅश हायरार्की एरर', आणि खाली एक एपिक आयडी, म्हणजे चूक प्रोसेसरच्या कुठल्या भागात झाली त्याचा क्रमांक. प्रोसेसर स्वतःची चूक ओळखतो तेव्हा ती स्वतःच्याच काही रजिस्टरमध्ये लिहून ठेवतो. नुसता रीसेट झाला तर ते लिखाण टिकतं आणि विंडोज पुन्हा सुरू होताना ते वाचून लॉगमध्ये टाकतं. वीज खरोखर गेली तर ते पुसलं जातं. म्हणजे ही नोंद दिसली की यूपीएस बराच मागे पडतो. आशिषलाही आता आठवलं, की रीस्टार्ट होताना पंखे कधीच थांबत नव्हते.

दुर्दैवानं अशा नोंदी चारच उरल्या होत्या. आधीच्या सगळ्या विंडोजबरोबर फॉरमॅट झाल्या. सात-आठ रीस्टार्टचा पुरावा आपल्याच हातानं पुसून आम्ही चारावर तपास सुरू केला.

त्या चारांचे एपिक आयडी ४, ४, ५ आणि १० असे होते. ५८००एक्समध्ये आठ कोअर आणि सोळा थ्रेड आहेत, म्हणजे प्रत्येक कोअर एका वेळी कामाचे दोन धागे चालवतो. प्रत्येक कोअरला लागोपाठचे दोन आयडी मिळतात, शून्यापासून मोजायला सुरुवात. म्हणून आयडीला दोननं भागून बाकी सोडून द्यायची: ४ आणि ५ म्हणजे कोअर २, १० म्हणजे कोअर ५. चारपैकी तीन वेळा एकच कोअर. रॅम किंवा पॉवर सप्लाय बिघडला असता तर तो एका कोअरवर एवढा डूख धरून बसला असता, असं वाटत नाही. पण चार नोंदींवर याहून जास्त बोलणं धाडसाचं होतं.

मोकळं मशीन का पडतं

इथे थोडं थांबतो, कारण सगळा पेच यात आहे.

कर्व्ह ऑप्टिमायझर प्रोसेसरचा वेग ठरवत नाही. अमुक वेगाला किती व्होल्टेज लागेल याची प्रत्येक कोअरची एक रेषा कारखान्यातून ठरून येते. उणे आकडा दिला की ती रेषा खाली सरकते. एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. उणे ३० हे टोक आहे, म्हणजे जवळपास ९० ते १५० मिलिव्होल्टची कपात.

पंगतीला आठ जण बसले की प्रत्येकाच्या पानात बेतानंच पडतं, एकटाच जेवायला बसला की वाढणारा हात सोडून वाढतो. रेंडर करताना आठही कोअर एकदम कामाला लागतात, विजेची आणि तापमानाची मर्यादा आड येते आणि प्रत्येक कोअर साडेचार गिगाहर्ट्झच्या आसपास राहतो. तिथे रेषेत सैलपणा असतो, कपात झाली तरी निभावतं. व्हॉट्सअॅप उघडलं, माऊस हलवला, फोल्डर बदललं, की एकच कोअर क्षणभरासाठी थेट ५०५० पर्यंत उडी मारतो. तिथे सैलपणा उरलेला नसतो. कपात नेमकी तिथे भोवते.

त्यात आणखी दोन गोष्टी मिसळल्या. हलक्या कामासाठी विंडोज ठरावीक कोअरनाच पुढे करतं. हे सर्वांत गुणी कोअर असतात, एएमडीच्या रायझन मास्टर या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्यावर तारा दिसतो. मुळातच कमी व्होल्टेजवर चालण्याइतके ते चांगले असल्यामुळे त्यांची रेषा आधीच घट्ट असते, आणखी कपात त्यांना सर्वांत कमी सोसते. आशिषच्या मशीनवर तारा कोअर २ वर होता. सरसकट उणे ३० मध्ये पहिला बळी सर्वांत हुशार पोराचा गेला.

दुसरी गोष्ट हवामान. प्रोसेसर जितका थंड, तितका बूस्ट वरपर्यंत जातो आणि तिथे टिकतो. ऑगस्टमध्ये खोली तीस अंशांवर होती. तुळशीच्या लग्नानंतर सकाळी पारा पंधरा-सोळावर आला. अकरापैकी आठ रीस्टार्ट सकाळी दहाच्या आत झाले होते, चहा घेऊन आशिष मेल बघत असताना. उन्हाळ्यात मशीन मरतं आणि थंडीत सुखी असतं हा विदर्भातला सर्वसाधारण अनुभव. इथे तो नेमका उलटा होता, म्हणून त्याला थंडीचा संशय आलाच नाही.

पर्याय

समोर चार वाटा होत्या.

सगळं मूळ सेटिंगवर आणायचं आणि विषय संपवायचा. धंद्याच्या मशीनसाठी हीच वाट शहाणपणाची आहे असं माझं मत तेव्हा होतं आणि आजही आहे. आशिषला ती नको होती. "एवढं केलं अन् पुन्हा होतं तिथंच?"

दुसरी, सरसकट उणे ३० ऐवजी सरसकट उणे १५ करून बघायचं. बहुतेक लोक हेच करतात. अडचण अशी की कोअर २ ला उणे १५ ही झेपणार नसेल तर रीस्टार्ट रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा होईल. आठवड्यातून एकदा येणारं दुखणं रोजच्याहून वाईट, कारण उपाय लागू पडला का हे कळायलाच महिना जातो.

तिसरी, प्रत्येक कोअर वेगळा तपासून प्रत्येकाला वेगळा आकडा. वेळखाऊ, पण प्रश्नाच्या मुळाशी जाणारी.

चौथी, प्रोसेसरच सदोष आहे म्हणून वॉरंटीत द्यायचा. तीन वर्षांची वॉरंटी अजून संपली नव्हती. पण मूळ सेटिंगवर तो पडतो हे दाखवल्याशिवाय दावा करणं मला पटत नव्हतं, आणि ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

आम्ही पहिली आणि तिसरी एकामागोमाग घ्यायचं ठरवलं. आधी मूळ सेटिंगवर डिलिव्हरी पूर्ण करायच्या, मग सवडीनं एकेक कोअर. क्रम ठरवताना थोडं वाजलं. मी म्हटलं, कुणाच्या मुलीच्या लग्नाचं फुटेज पुन्हा शूट करता येत नाही. तो गप्प बसला.

काय केलं

आधी सगळं फुटेज बाहेरच्या डिस्कवर उतरवलं आणि चेकसम, म्हणजे फाइल हुबेहूब तीच आहे का हे सांगणारे आकडे, जुळवून पाहिले. कच्चा प्रोसेसर मशीन पाडतो तेवढाच धोका नसतो, तो गपचूप चुकीचा बाइटही लिहू शकतो. ज्या मेमरी कार्डांवर मूळ फाइल अजून होत्या त्या सगळ्या जुळल्या. फॉरमॅट झालेल्या कार्डांबद्दल कधीच कळणार नाही. सप्टेंबरमधल्या एका प्री-वेडिंग व्हिडिओत दोन फ्रेमपुरता हिरवा चौकोन आला होता. तेव्हा आशिषनं कॅमेऱ्याच्या कार्डाला दोष दिला होता. आता तो दोष कुणाचा, देव जाणे.

नंतर बायोसच्या प्रत्येक पानाचे मोबाइलवर फोटो काढले आणि सगळं मूळ स्थितीवर आणलं. रॅमला तिच्या जाहिरातीतल्या वेगानं चालवणारं एक्सएमपीसुद्धा बंद. यावर आशिषचा चेहरा पाहण्यासारखा झाला, कारण ३६०० ची रॅम २६६६ वर धावू लागली. पण एक्सएमपी हाही ओव्हरक्लॉकच आहे. या प्रोसेसरसाठी अधिकृत वेग ३२०० पर्यंतचा आहे, ३६०० हा रॅम बनवणाऱ्याचा दावा. एका बटणात चालू होतो म्हणून तो कुणी मोजत नाही.

याच वेळी मी एक चूक केली. मूळ सेटिंगवर आलोच आहोत तर बायोसही अपडेट करू, असं म्हणून मी ते करून टाकलं. अपडेट मूळ सेटिंगवर करणं बरोबरच, कच्च्या ओव्हरक्लॉकवर बायोस फ्लॅश करणं, म्हणजे नवं बायोस चिपवर लिहिणं, म्हणजे बोर्ड गमावण्याची तयारी. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम त्याला दहा वेळा सांगून मी स्वतः दोन बदलल्या. रीस्टार्ट थांबण्यात त्या अपडेटचा वाटा किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

चार दिवस मशीन एकदाही पडलं नाही. आधीच्या तीन शांत दिवसांनी फसवलं होतं, म्हणून या वेळी सकाळी तीन तास ते मुद्दाम मोकळं ठेवायचं, ब्राउझर आणि मेल उघडून, असं ठरवलं होतं. रोज साधारण एक रीस्टार्ट होत असताना चार दिवस निव्वळ नशिबानं कोरडे जाण्याची शक्यता शंभरात दोन-तीनच. तेवढ्यावर मी पुढे जायला तयार होतो. पॉवर सप्लाय, यूपीएस, पेस्ट, विंडोज हे सगळे संशयित तेच आणि तिथेच होते, तरी मशीन उभं होतं. त्यांची सुटका झाली.

मग एकट्या एक्सएमपीची पाळी. रात्रभर मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी, चार फेऱ्या, शून्य चुका. नंतर दोन दिवस नेहमीचं काम. रॅमही सुटली.

कोअरांच्या तपासणीसाठी कोअरसायकलर वापरलं. हे एका वेळी एकाच कोअरवर प्राइम९५ चालवतं, काही मिनिटांनी पुढच्यावर जातं आणि कुठला कोअर कधी चुकला ते लिहून ठेवतं. मशीन रीस्टार्ट झालं तरी लॉगची शेवटची ओळ गुन्हेगार सांगते. चाचणी एसएसई प्रकारात, म्हणजे प्रोसेसरच्या जुन्या, हलक्या गणिती सूचनांवर ठेवली. एव्हीएक्स या नव्या, जड सूचनांमध्ये उष्णता जास्त, म्हणून वेग खाली येतो, आणि आम्हाला तर वेग शिखरावर असतानाचीच परीक्षा हवी होती. मधूनमधून भार थांबवून पुन्हा टाकण्याचा पर्यायही चालू ठेवला, कारण चढ-उताराच्या क्षणीच हे कोअर घसरत होते.

ऑगस्टची सेटिंग जशीच्या तशी पुन्हा लावून सुरुवात केली. आजार पुन्हा मुद्दाम घडवता आला तरच औषधाची परीक्षा होते. कोअर २ एका मिनिटाच्या आत पडला. त्याला बाजूला ठेवल्यावर कोअर ५ चौथ्या मिनिटाला, कोअर ० दुसऱ्या फेरीत. बाकीचे पाच पास. ऑगस्टमध्ये तासभर प्राइम९५ चालवूनही जे दिसलं नव्हतं ते इथे साठ सेकंदांत दिसलं.

कोअर २ चा आकडा पाचपाचनं वर आणला. तो शून्यावर आणला तरी पडत होता. इथे खरा निर्णय घ्यावा लागला. त्याला अधिक आकडा देऊन व्होल्टेज वाढवायचं की बूस्टची २०० ची वाढ कमी करायची? आशिषला ५०५० सोडवत नव्हतं. ५०५० हा आकडा फक्त फोटोत दिसतो, एक्सपोर्टमध्ये नाही, हे पटवायला मी एकच क्लिप दोन्ही सेटिंगवर एक्सपोर्ट करून दाखवली. फरक घड्याळात धरता आला नाही. वाढ १०० वर आणली. कोअर २ उणे ५ ला स्थिरावला, कोअर ५ उणे १२ ला, कोअर ० उणे १८ ला, बाकीचे उणे २८ ला. खिडकी उघडी ठेवून थंड खोलीत चाचणी रात्रभर, बारा तास चालवली. एकही चूक नाही.

सहाव्या दिवशी मशीन पुन्हा पडलं.

आशिषचा फोन आला तेव्हा आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता. मी फक्त एपिक आयडी विचारला. १४, म्हणजे कोअर ७. हा एकाही चाचणीत चुकला नव्हता. बारा तासांत प्रत्येक कोअरच्या वाट्याला जेमतेम दीड तास आला होता आणि दीड तासात जे घडलं नाही ते सहा दिवसांत घडलं. चाचणीत जो आकडा पास होतो तो काठावरचा असतो, त्याच्यावर घर बांधायचं नसतं, हे मला माहीत असून मी उणे २८ तसंच ठेवलं होतं. आता कोअर ७ ला उणे २० दिलं आणि बाकी सगळ्यांना आणखी चार-चार पायऱ्या मोकळ्या सोडल्या. कोअर २ उणे १ वर आला. तो जवळजवळ कारखान्यातला झाला म्हणायचा.

परिणाम

त्यानंतर पूर्ण लग्नसराई गेली, आपोआप रीस्टार्ट एकदाही नाही. लॉगमध्ये १८ ची नोंद नाही, आणि १९ चीही नाही. १९ म्हणजे प्रोसेसरनं स्वतः दुरुस्त करून घेतलेली चूक. मशीन पडण्याआधीची कुणकुण तिथे लागू शकते, म्हणून महिन्यातून एकदा ती बघायला सांगितलं आहे.

मे महिन्यात दुसरं टोक आलं. बाहेर पंचेचाळीस, खोलीत डेझर्ट कूलर लावूनही छत्तीस-सदतीस, आणि प्रोसेसर रेंडरमध्ये ९० अंशांवर, म्हणजे त्याच्या कमाल मर्यादेला टेकलेला. बिघाड काही नव्हता, पण पंख्यांचा आवाज वडिलांना खाली ऐकू जायचा. विजेची मर्यादा १२० वॅटवर आणली. तापमान आठेक अंशांनी उतरलं, रेंडरचा वेग दोन-तीन टक्के घटला.

हिशोब असा. सिनेबेंच मूळ सेटिंगवर १४,९००, ऑगस्टमध्ये १५,९००, आता हिवाळ्यातल्या सेटिंगवर १५,५००. म्हणजे चार टक्के कमाई. आशिषच्या कामात बराच भार ग्राफिक्स कार्डावर असल्यानं तासाभराच्या एक्सपोर्टमध्ये मिनिटभर वाचतं. खर्चाच्या बाजूला यूपीएसच्या बॅटऱ्या, दोन गेलेल्या टाइमलाइन, एका गिऱ्हाइकाला आठवडाभर उशीर आणि माझ्या सहा संध्याकाळी. माझ्या संध्याकाळींचे पैसे मी घेतले नाहीत, सावजीचं जेवण घेतलं.

पुन्हा करायचं झालं तर

विंडोज फॉरमॅट करण्याआधी इव्हेंट व्ह्यूअर उघडायचं, निदान लॉगची फाइल बाहेर काढून ठेवायची. दोन मिनिटांचं काम आहे. अकरा नोंदी हातात असत्या तर कोअर ७ चं नावही कदाचित पहिल्याच दिवशी कळलं असतं.

ऑगस्टमधल्या त्या फोटोला अंगठा न पाठवता मी विचारायला हवं होतं: एकेक कोअर तपासला का? सिनेबेंच आणि प्राइम९५ दोन्हींनी आठही कोअर एकदम दामटले. मशीन ज्या स्थितीत दिवसाचा निम्मा वेळ घालवतं, त्या स्थितीची परीक्षा कुणीच घेतली नव्हती.

रीस्टार्टची वही पहिल्या दिवसापासून हवी होती. वेळ, त्या क्षणी काय उघडं होतं, खोलीत थंडी किती. सकाळचा आणि मोकळं बसण्याचा संबंध आशिषच्या बोलण्यात पहिल्यापासून होता, पण कागदावर आठ सकाळी एकाखाली एक दिसल्या तेव्हाच तो दोघांनाही खरा वाटला.

आणि बायोस अपडेट वेगळं करायला हवं होतं. त्याची खंत आहेच.

कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर आता एक पांढरी चिकटपट्टी आहे. तिच्यावर मार्करनं आठ कोअरचे आठ आकडे आणि तारीख लिहिलेली आहे, कारण बायोस अपडेट झालं की साठवलेली प्रोफाइल बहुतेक वेळा जाते. १७ जुलैला आषाढी झाली. दुसऱ्या दिवशी आशिषचा मेसेज आला: "दादा, कोअर ३ उणे २४ वर आहे. अजून दोन खाली घेऊन पाहू का?" मी विचारलं, डेटाबेसची कॉपी कुठे आहे? दोन निळ्या टिका दिसल्या, उत्तर मात्र संध्याकाळपर्यंत आलं नाही.